श्वासाची जागा

ताईने ठेका बंद केला, धाकट्या भावाचा आवाज बंद केला आणि 'वणवा' या नावाने रॅप करणाऱ्या पोराचा एकट्याचा आवाज चालू ठेवून गाणं पहिल्यापासून लावलं. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उसळू लागली. कारखान्याला आग लागली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप कुणी घातलं होतं, किल्ली कुणाच्या खिशात होती, असं विचारत वणवा तावातावाने पुढे जात होता. जिथे मालकाचं नाव यायचं, तिथे रेघ एकदम सपाट झाली. नाव नव्हतंच. नुसता श्वास घेतल्याचा आवाज होता.

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. दुसऱ्या कडव्यातही तेच. शेवटी नाव पुन्हा पुन्हा येतं, तिथेही तो दर वेळी श्वास घेत होता. नाव होतं ते फक्त धाकट्याच्या आवाजात.

गाणं तिनेच जुळवलं होतं, पण दोन आवाज एकमेकांवर बसले की असलं काही कळत नाही. रॅप करणाऱ्याला एवढ्या लांब ओळींना दम पुरत नाही, म्हणून स्टेजवर शेवटचे शब्द जोडीदार उचलतो आणि पहिला तेवढ्यात श्वास घेतो. धाकट्याचं कामच ते. स्टेजवर चढताना तो वणव्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तू श्वास घे. मी आहे." पण ते झालं स्टेजवर. रेकॉर्डिंगच्या या खोलीत हवं तितक्या वेळा थांबता येत होतं, पाणी पिता येत होतं. इथे दम कमी पडायचं काही कारण नव्हतं.

ताईने गाणं थांबवलं.

सकाळी साध्या शर्टातला एक गृहस्थ येऊन गेला होता. ओळखपत्र त्याने नुसतं उघडून मिटलं. खोली बघितली, भिंतींना लावलेला स्पंज बोटाने दाबून बघितला, साबणाच्या जाहिराती इथेच होतात का, म्हणून कौतुकाने विचारलं.

"गाणं कोण म्हणतं, याच्याशी आम्हाला घेणंदेणं नाही," तो म्हणाला होता. "गाणी काय, कुणीही म्हणतं. नाव कोण घेतं, तेवढं हवंय. प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून ठेवा. संध्याकाळी माणसं येतील."

उठता उठता त्याने विचारलं, "खरं सांगा बाई, ही क्रांती वगैरे मनापासून आहे, की नुसतं दुकान?"

"मनापासून," ताई म्हणाली होती.

"असं होय. दुकानवाल्यांचं बरं असतं. ते वकील घेऊन येतात. मनापासूनवाले एकटेच सापडतात." त्याने पाण्याचा ग्लास होता तिथेच नीट ठेवला.

तेच नाव भिंतीवर रंगवणाऱ्या पेंटरलाही असंच जरा विचारायला म्हणून नेलं होतं. त्याच्या दुकानाचं शटर अजून खालीच होतं. तरी सकाळी ताईने मनाची समजूत घातली होती, की नाव दोघांनी घेतलंय, आणि वणव्यामागे हजारो पोरं आहेत. त्याला हात लावला तर बोभाटा होईल, आणि त्याच्या आडोशाने धाकटाही वाचेल. धाकट्याला कोण ओळखतं? तो त्याच कारखान्यात कामाला होता, आगीच्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्या दिवसापासून तो घरात फार बोलत नसे. जे काही बोले ते या गाण्यात, ओळीच्या टोकाला.

तिने वणव्याला फोन करून बोलावून घेतलं.

वणवा आला तो पाठीवर ज्वाळा रंगवलेलं जाकीट घालूनच. घरी त्याला बाळ्या म्हणत, पण ते बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. ताईने त्याला काही न सांगता माइकसमोर उभं केलं.

"एक ओळ नीट आली नाहीये. किल्लीची. नावासकट म्हण."

त्याने डोळे मिटले, मूठ वळली आणि ओळ अशी म्हटली, की काचेच्या या बाजूलाही ताईच्या अंगावर काटा आला. नावापाशी त्याने श्वास घेतला.

"परत."

परत तेच. तिसऱ्या वेळी त्याचं त्यालाच कळलं. नुसत्या त्याच्याच आवाजाने भरलेल्या हेडफोनमध्ये तो रिकामा तुकडा त्याने ऐकला असावा. त्याने हेडफोन काढून हातात धरला.

"ताई, मी खोटा नाहीये."

"मी कुठे काय म्हटलं?"

"आईशप्पथ, मला वाटतं मी म्हणतोय. स्टेजवर तर माझ्याच तोंडून निघाल्यासारखं वाटतं." त्याने हेडफोन परत कानांवर चढवला. "परत लाव. म्हणतो मी."

तिने परत लावलं. कपाळावर घाम, गळ्याच्या शिरा ताठ, ओठ उघडलेले, आणि त्यातून नुसती हवा. ताईला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. याच तोंडाने हा पोरांना रस्त्यावर उतरायला सांगत होता. मग तिने त्याला सकाळच्या गृहस्थाबद्दल सांगितलं. ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"घसा बसलाय," तो म्हणाला. "उद्या येतो. उद्या नक्की."

दारात थांबून त्याने जाकीट काढलं, उलटं करून अंगात घातलं आणि जिना उतरून गेला.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. ताईने जास्त विचार केला नाही. धाकट्याचा आवाज पुसायचा आणि त्या जागी आपला भरायचा. जाड करून बसवला तर कुणाचा आहे ते कळणार नाही, आणि कळलंच तर तिला नेतील. साबणाच्या जाहिरातींत तिने पोरांचे, म्हाताऱ्यांचे, पोपटाचेसुद्धा आवाज काढले होते. एका नावाची ती काय कथा.

ती माइकसमोर जाऊन उभी राहिली. ठेका कानात सुरू झाला. दार आलं, कुलूप आलं, किल्ली आली.

तिने श्वास घेतला.

ओळ पुढे निघून गेली होती. तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. नाव जिभेवर होतं, रोज वर्तमानपत्रात छापून येत होतं, लहान पोरालाही म्हणता आलं असतं. या वेळी तिने मुद्दाम आधीच श्वास भरून घेतला. तरी त्या जागी आणखी एक आला. काचेपलीकडच्या पडद्यावर रेघ सपाट होती, वणव्याची होती तशीच.

काचेपलीकडे धाकटा उभा होता. जेवणाचा डबा हातातच होता. केव्हा आला, तिला कळलं नव्हतं. त्याने पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि आत आला.

"तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं. "बाळ्याचं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? बाकीचं सगळं गाणं तोच म्हणतो ना. तेवढा दम माझ्यात नाही. मला ते एक नाव तेवढं म्हणता येतं." त्याने तिच्या कानांवरचा हेडफोन अलगद काढून खुंटीला अडकवला. "बाळ्या वाटेत भेटला, सकाळचं सगळं कळलं मला. माझा आवाज पुसू नकोस. आहे तसं दे."

खाली गाडीची दारं लागली. एक, आणि मग दुसरं. जिन्यावर पावलं वाजू लागली. कसली घाई नसलेली पावलं होती ती.

"मागच्या जिन्याने जा," ताई म्हणाली. तिला ते ठणकावून सांगायचं होतं, पण आवाज निघाला तो अर्धाच. तिने त्याची बाही घट्ट धरली होती.

त्याने तिची बोटं सोडवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, तू श्वास घे. मी आहे."

बेल वाजली. दाराकडे जाता जाता त्याने, स्टेजवर चढताना करायचा तसा, घसा साफ केला.