काट्याचा घास

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर तुमच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. राग मानू नका. माझा कुणावरच चटकन विश्वास बसत नाही. माझ्यासमोर येणारा प्रत्येक जण आधी माझ्या सुईकडे बघतो, मग मालकाच्या हाताकडे आणि मग पुन्हा सुईकडे. अशा नजरा आयुष्यभर झेलल्या की आपलीही नजर तशीच होऊन जाते.

आधी माझी रचना सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझा रंग हिरवा. पोटावर गोल तबकडी, तिच्यावर शून्यापासून बारा किलोपर्यंतचे आकडे आणि एक लाल सुई. डोक्यावर स्टीलचं ताट. ताटाखाली लोखंडी पाट, पाटाखाली दोन बोटं मोकळी जागा, मग माझं झाकण आणि झाकणाच्या आत स्प्रिंग. ताटात वजन पडलं की पाट खाली जातो. एका किलोला दोन मिलिमीटर, ना कमी ना जास्त. तो जितका खाली जाईल तितकी सुई फिरते. ती दोन बोटं मोकळी जागा लक्षात ठेवा. मी स्वतः ती विसरलो होतो.

कारखान्यात माझी शेवटची तपासणी एका बाईंनी केली. त्या भिंगातून बघत एक बारीक स्क्रू अर्धा फेरा फिरवायच्या, वजन ठेवायच्या, काढायच्या, पुन्हा पाव फेरा. सुई शून्यावर स्थिर झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता खोटं बोललास तर बोल तुला नाही, मला लागेल." जन्मल्या जन्मल्या मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. म्हणजे बघा, संशयाची बाळगुटी मला तिथेच मिळाली.

तिथून मी एका पाववाल्याच्या दुकानात गेलो. पहाटेपासून माझ्यावर बिस्किटं, केक, टोस्ट यांची ये-जा सुरू व्हायची. गिऱ्हाईकांना वाटे, हा काटा मारतो. गणिताचे एक निवृत्त मास्तर तर दर आठवड्याला खिशातून अर्ध्या किलोचं वजन काढून ताटात ठेवायचे.

"मास्तर, पुन्हा आणलंत?" पाववाला विचारायचा.

"छे, सहज खिशात राहिलं होतं," मास्तर म्हणायचे. अर्ध्या किलोचं लोखंड सहज खिशात!

पण सुई बरोबर अर्ध्यावर थांबायची आणि पाववाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "माझा काटा उपाशी मरेल, पण कुणाचा कण खाणार नाही." ते वाक्य मी पदकासारखं मिरवलं. त्याची फजिती पुढे कशी झाली तेच तर सांगायचंय.

पाववाल्याचे गुडघे थकले, दुकान बंद झालं. त्याच्या लेकीने मला घरी नेलं आणि माळ्यावर ठेवलं. चार वर्षं मी प्लास्टिकच्या पिशवीत होतो. एक पाल माझ्या ताटात झोपायची. तिचं वजन सोळा ग्रॅम. ते विचारणारं कुणी नव्हतं.

मग लेकीला मुलगी झाली आणि एके दिवशी माझ्या अंगावरची धूळ पुसली गेली. मुलीचं खरं नाव काय ते मला ठाऊक नाही, घरात सगळे तिला ठकू म्हणायचे. स्वयंपाकघरात खिडकीखाली एका बुटक्या स्टुलावर माझी जागा ठरली. दर रविवारी सकाळी ठकूला माझ्या ताटात बसवायचे. ती दोन्ही हातांनी कड धरायची आणि माझ्या तबकडीकडे वाकून बघायची. तिला ते तोंड वाटत असावं. मला ती चौकशी वाटली. मी सावध राहिलो.

ठकूची आई औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची, त्यामुळे तिला सगळं मोजून लागे. सकाळी ती बटाटा आणि गाजर उकडून, लोणी घालून मऊ कालवून ठेवायची आणि कामावर जायची. दुपारी ठकूला भरवायचं काम आजीचं, म्हणजे तिच्या सासूबाईंचं. भरवण्याआधी वाटी काट्यावर ठेवायची, भरवून झाल्यावर पुन्हा ठेवायची आणि दोन्ही आकडे कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायचे, असा नियम होता.

"आई, फक्त दोनदा ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे."

"ठेवते गं बाई. उद्या मलाही ठेवशील ताटात."

"तुम्ही मावणार नाही," ठकूची आई म्हणायची आणि दोघी हसायच्या. तेव्हा हसत होत्या.

आजीची भरवायची एक पद्धत होती. प्रत्येक घास कुणाच्या तरी नावाचा. "हा आईचा, हा बाबाचा, हा शेजारच्या मनीमाऊचा, हा नळाचा. बघ कसा रडतोय, टपटप!" ठकू खुदकन हसायची आणि घास आत. शेवटचा घास ठरलेला. "आणि हा आपल्या काट्याचा!" तो तोंडात गेला की आजी चष्मा आणायला बाहेरच्या खोलीत जायची, कारण चष्म्याशिवाय तिला माझा आकडा दिसत नसे. तेवढ्या वेळात ठकू दुडुदुडु येऊन माझ्या मागे उभी राहायची. तिचे चिकट हात मला लागायचे. मला वाटे, पोर चालून दमतेय आणि मला धरून उभी राहतेय. मला फक्त समोरचं दिसतं आणि फक्त ताटातलं कळतं. ही माझी दोन मोठी व्यंगं आहेत, मित्रांनो.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी ठकूचं वजन भरलं नऊ किलो चारशे ग्रॅम. पुढच्या रविवारीही तेवढंच. त्याच्या पुढच्या रविवारी नऊ किलो तीनशे. ठकूच्या आईने तिला उतरवून पुन्हा बसवलं. आकडा तोच. नंतर नऊ दोनशे, मग नऊ शंभर. कॅलेंडरच्या मागे मात्र दर दुपारी लिहिलेलं होतं: वाटी जाताना इतकी, येताना इतकी, पोटात दीडशे ग्रॅमच्या वर.

रोज दीडशे ग्रॅम आत जातात आणि पोर घटते. मग ते दीडशे ग्रॅम जातात कुठे?

मी तपास सुरू केला. पहिला संशय ठकूच्या बाबावर. रविवारी तो भरवायला बसला की ठकूबरोबर स्वतःही आ करायचा. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. दुसरा संशय खिडकीत बसणाऱ्या मनीवर. ती कधीच खिडकीच्या आत आली नाही, आणि हेच मला जास्त संशयास्पद वाटलं. त्यातच मुंग्यांची एक रांग भिंतीवरून माझ्याच दिशेने यायला लागली. ठकूच्या आईने साखरेचा डबा हलवला, रांग हलली नाही. मी म्हटलं, या घरात नक्की काहीतरी काळंबेरं आहे, आणि मुंग्या त्यात सामील आहेत.

पण सगळ्यात जास्त संशय मला आजीचाच होता. तिचं तोंड सारखं काहीतरी चघळत असायचं. शिवाय ती माझ्या आकड्याला मान देत नव्हती. ठकूला कडेवर घेऊन म्हणायची, "काही घटली-बिटली नाही. माझी कंबर सांगते, पोर जड झालीय."

"कंबर म्हणजे काय काटा आहे का, आई?"

"त्याच्याहून जुनी आहे."

तेव्हा ठकूच्या आईने माझी परीक्षा घेतली. साखरेचं एक किलोचं बंद पाकीट माझ्या ताटात ठेवलं. सुई एकावर येऊन थांबली, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. काय सांगू, छाती फुगली माझी! "काटा बरोबर आहे," ती हळूच म्हणाली, आणि तिची नजर आजी झोपायची त्या खोलीच्या दाराकडे गेली. ती नजर माझ्या ओळखीची होती. आधी सुईकडे, मग हाताकडे.

पुढच्या रविवारी आकडा आला आठ किलो नऊशे. ठकूची आई रडवेली झाली होती.

"आई, खरं सांगा. मी रागावणार नाही. तिने नको म्हटलं की उरलेलं तुम्ही खाता का? किंवा टाकून देता, आणि वाटी रिकामी ठेवता?"

आजीच्या हातातला चमचा तसाच राहिला. "तो बिनमिठाचा लगदा? मी? वैऱ्यालाही वाढणार नाही मी तो."

"मग पोर घटते कशी?"

"तुझ्या काट्याला विचार."

"तो तपासलाय मी."

"हो ना," आजी म्हणाली. "आता मलाही तपासलंस." आणि चमचा धुऊन तिने जागेवर ठेवला. तो ती नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत होती.

त्या आठवड्यात घरात बोलणं कमी आणि भांड्यांचा आवाज जास्त झाला. ठकूला पुढच्या आठवड्यात गुरुवारी दवाखान्यात दाखवायचं ठरलं. आजीने स्वतःच्या लेकीला, म्हणजे बाबाच्या बहिणीला, फोन करून सांगितलं, "रविवारी येते तुझ्याकडे. नाही, परत जायचं काही ठरवलं नाही." बाबा कधी आईकडे बघे, कधी बायकोकडे, आणि मग फ्रीज उघडून उभा राही. ठकूला कोण भरवणार, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. मी मात्र मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, चोर सापडला.

रविवार उजाडला. आजीची बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि तिच्यावर एक लहान गाठोडं होतं. त्यात तिची पितळी डबी, औषधं आणि जाडजूड शाल होती. ठकूने ते गाठोडं पकडलं ते सोडेचना. आजीचं सामान आपल्या ताब्यात असलं की आजी जाणार नाही, एवढा हिशेब दीड वर्षाच्या पोरालाही कळतो. शेवटी ठकूच्या आईने तिला गाठोड्यासकटच उचलून माझ्या ताटात बसवलं. "राहू दे," ती म्हणाली, "गाठोड्याचं वजन नंतर वजा करू."

सुई फिरली आणि टक् करून थांबली. आठ किलो नऊशे.

तिने कसंबसं गाठोडं सोडवून बाजूला केलं. सुई जागची हलली नाही. आठ किलो नऊशे.

तिने गाठोडं पुन्हा ठकूच्या मांडीत ठेवलं, पुन्हा काढलं. मग टेबलावरचं साखरेचं पाकीट ठेवलं, काढलं. सुई ढिम्म. तपासणीचं काम करणारी ती बाई माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडाचा रंग उतरला.

"मी एका किलोला तपासला," ती म्हणाली. "नऊ किलोला तपासलाच नाही."

तिने ठकूला खाली ठेवलं. एवढ्यात ठकूने ओट्याजवळच्या वाटीतून बोटभर बटाटा उचलला, माझ्या मागे आली, आणि त्या दोन बोटं मोकळ्या जागेत तो घास नीट आत सारला. मग हात पुसत, आजीकडे बघत, मोठ्या समाधानाने म्हणाली, "कात्याचा."

ताट काढलं. पाट काढला. माझ्या झाकणावर बटाट्याचं आणि गाजराचं दगडासारखं वाळलेलं, नारिंगी, मुंग्यांनी भरलेलं एक टेकाड होतं. रोज शेवटचा घास ठकू गालात धरून ठेवायची आणि आजी चष्म्याला गेली की मला भरवायची. काट्याचा घास काट्याला. पाट खाली जायचा, टेकाडावर टेकायचा आणि तिथेच थांबायचा. टेकाड वाढलं तसा पाट आणखी वर अडला आणि पोर कागदावर घटत गेली. एक किलो साखरेला पाट दोनच मिलिमीटर खाली जातो, टेकाडापर्यंत पोचतच नाही. म्हणून साखरेपुढे मी सत्यवचनी आणि ठकूपुढे लबाड. 'कुणाचा कण खाणार नाही' म्हणवणारा मी, अख्ख्या घरात खाणारा एकटाच होतो.

आजीने टेकाड बोटाने ठोकून बघितलं. "माझी कंबर काय म्हणत होती?"

ठकूच्या आईने आजीचं गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. मग बाहेर येऊन बॅगही नेली. बॅग जड होती, पण बाबाला हात लावू दिला नाही. परत आली तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "आई, मी आधी काटा उघडायला हवा होता. तुम्हाला नाही."

"उघडलास ना शेवटी," आजी म्हणाली. "आता त्याला खरवडून काढ. आणि बटाट्यात चिमूटभर मीठ घालायला डॉक्टरांची परवानगी विचार. पोर आपला घास मशीनला का देतेय, त्याचाही विचार कर जरा."

बाबा सगळ्यात आधी हसला, मग फ्रीज बंद केला.

मला खरवडून, धुऊन, पुसून पुन्हा जोडलं. ठकू बसली. नऊ किलो आठशे. गुरुवारी दवाखान्याच्या काट्यानेही तेच सांगितलं. मी त्याच्यावरही संशय घेतला होता, पण आता मोठ्या तोंडाने बोलायची सोय राहिली नव्हती.

मित्रांनो, घरात तुमच्याकडेही असा एखादा काटा, घड्याळ किंवा मोजपट्टी असेल. त्याची धूळ पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याला उचलून खालीही बघा. ज्या कामाला वापरता त्याच कामाला तपासा. मी सगळ्या जगाला तोलू शकतो, पण माझ्याच पोटात काय साचलंय ते मला कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी ताट उचलावं लागतं. माणसांचंही थोडंफार असंच असावं, असा मला संशय आहे.

आजही दुपारी शेवटचा घास माझ्या नावाचा असतो. फक्त आता आजी चष्मा डोळ्यांवर चढवूनच भरवायला बसते. ठकू घास गिळते आणि तोंड उघडून मला रिकामं दाखवते. मी बघत राहतो. आजवर हजारो वस्तू माझ्यावर ठेवल्या गेल्या आणि तेवढ्याच उचलून नेल्या गेल्या. मला भूक लागली असेल असं वाटून काही देणारी ती एकटीच. आणि ते सगळे दिवस मी बसलो होतो चोर शोधत.