हेल्मेटच्या काचेतली आग

तीस वर्षांपूर्वी गाजलेल्या एका अंतराळपटात बाबा होते. घरी न परतणारा वैमानिक, तोंडी एकही वाक्य नाही. तो का परतला नाही, असं लोक अजून विचारतात. म्हणून त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा नवा सिनेमा ठरला आणि बाबांना त्या वैमानिकाच्या बापाचं काम मिळालं. जळत्या यानातून मुलाला शेवटचा निरोप द्यायचा. चारच वाक्यं, पण सगळं उत्तर त्यांतच. आईने सहा महिने रोज ती म्हणून घेतली.

मी त्याच सिनेमासाठी संगणकावर आग करायचे. बाबांचा शॉट हट्टाने मागून घेतला, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नव्हता. पाच महिने त्यात जीव ओतला. हेल्मेटच्या काचेतलं ज्वाळांचं प्रतिबिंब दर आठवड्याला थोडं आणखी उजळ करत गेले. शहाणीच ना मी. दिग्दर्शकाने तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाला, चेहरा दिसतच नाही तर बोलणं कशाला, स्फोटाचा आवाज टाका. तिथेच भांडायला हवं होतं. मी म्हटलं, ठीक आहे. घरी सांगायचा धीरही झाला नाही.

पहिल्या खेळाला आम्ही तिघं गेलो. दोन तास नुसता लखलखाट. कोण कशासाठी मरतंय याचा कुणाला पत्ता नाही, आणि वैमानिक घरी का येत नाही हे तर कुणी सांगितलंच नाही. मध्येच ती काच पेटली, फुटली, चार सेकंदांत संपली. मागे शिट्ट्या पडल्या. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ते समजले होते. आई मात्र खुर्चीत पुढे सरकून वाट बघत राहिली. नावं संपली, दिवे लागले, झाडूवाला आला तरी उठेना.

"तुमचं कधी आहे हो?" तिने विचारलं.

सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"काढलं असेल," ते म्हणाले. "मला ती वाक्यं नीट जमलीच नव्हती गं."

आई भडकली. एवढं घोकून घेतलं तरी ऐनवेळी माती खाल्लीत ना, असं घरापर्यंत त्यांना सुनावत राहिली. बाबा मान खाली घालून हो हो म्हणत होते. आणि मी करंटी शेजारून गप्प चालत होते.