बदल नाही

मी वकील आहे, पण कोर्टात फारशी उभी राहत नाही. लोकांची मृत्युपत्रं करून द्यायची, आणि दर वर्षी एक पत्र पाठवून विचारायचं, घरात काही बदल? कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणाचं लग्न झालं, मोडलं? पत्राच्या तळाशी दोन चौकोन असतात, 'बदल आहे' आणि 'बदल नाही'. एकावर खूण करून सही केली की झालं.

बहुतेक लोक ही पत्रं केराच्या टोपलीत टाकतात. मशीनवाले काका मात्र तिसऱ्या दिवशी उत्तर घेऊन स्वतः जिना चढून यायचे. शिलाई मशीन दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान होतं. बोटं कायम तेलकट, म्हणून कागद अगदी कडेला चिमटीत धरायचे. "वकीलबाई, यंदाही तुमच्या कागदाला काम दिलं नाही बघा," म्हणायचे.

त्यांचं मृत्युपत्र साधं होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या, सगळं मुलाला. तो नसेल तर सुनेला, नावानिशी. लेक दूरच्या गावी शिक्षिका, एकटीचं बिऱ्हाड थाटलेली. तिला आईचे दागिने. केलं तेव्हा ते रास्तच होतं.

मग मुलगा गेला. कामावरून येताना ट्रकनं उडवलं. चौतिशीही पुरी झाली नव्हती. वर्षभरानं काकांनीच सुनेच्या मागे लागून तिला दुसरं लग्न करायला लावलं. आणि बाप एकटा पडला म्हणून लेक नोकरी सोडून घरी परत आली.

त्या वर्षी उत्तर आलं, 'बदल नाही'.

चुकून खूण झाली असेल, म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं. मृत्युपत्र पुढे ठेवलं. "काका, हे नाव आता बदलायला हवं."

त्यांनी मुलाच्या नावावर अंगठा ठेवला.

"बँकेतून त्याचं नाव गेलं," ते म्हणाले. "दाराच्या पाटीवरून मीच काढलं. सगळीकडून पुसत आणलं, बाई. आता या एकाच कागदावर मी आधी जातो आणि तो मागे राहतो. राहू द्या यंदा."

मी राहू दिलं. पुढच्या वर्षीही दिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड माझी होती आणि भीक दुसऱ्याच्या वाट्याला यायची होती. हे मला कळत होतं, तरी त्यांच्या हातात पेन द्यायचा धीर होईना.

शेवटची दोन वर्षं काका अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले. लेक त्यांना भरवायची, दाढी करायची, कुशीवर वळवायची. पत्राचं उत्तरही तीच आणून द्यायची, बंद पाकिटात. तिनं ते कधी उघडलं नाही.

काका गेल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि मी तिला मृत्युपत्र वाचून दाखवलं. घर तिच्या पूर्वीच्या वहिनीचं झालं होतं. ती म्हणाली, "ती पत्रं बघू."

ती परत आल्यापासूनचे सहाही कागद मी तिच्यापुढे मांडले. शेवटच्या दोन कागदांवरची सही वेडीवाकडी होती. ती एकेका चौकोनाकडे बघत गेली.

"दादाचं मी समजू शकते," ती म्हणाली. "पण मी आले होते ना? सहा वर्षं मी त्या घरात होते. हा बदल नव्हता?"

कोर्टात जाता येईल, असं काहीतरी मी पुटपुटले.

"बाबांच्या सहीशी भांडू?" ती म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

आठवड्यानं सून आली. घर नको असं सांगायचं ठरवून आले होते, म्हणाली. पण नवऱ्याचं काम सुटलेलं, दोन लहान मुलं, भाड्याची एकच खोली. "मला नको म्हणता येत नाहीये," एवढं बोलून ती रडली. तिला तरी काय दोष द्यायचा?

तिनं नणंदेला वरची एक खोली देऊ केली. "ताई, तुम्ही इथेच राहा." लेक नाही म्हणाली, पण रागानं नव्हे. पोरांना कुठला नळ घट्ट आहे, कुठली खिडकी आपटते, ते सगळं तिनं वहिनीला फिरून दाखवलं. मी किल्ल्या ताब्यात द्यायला गेले होते, ते बघत जिन्यातच उभी राहिले.

तिला पुन्हा शाळेत नोकरी मिळाली, आधीपेक्षा खालच्या वर्गांवर. चाळिशीला आलेली बाई परत भाड्याच्या खोलीत.

आता मी पत्रावर भागवत नाही. दर वर्षी घरी जाते, सगळ्यांसमोर बसते आणि विचारते, या घरात सध्या कोण कोण राहतं? काही जणांना माझा राग येतो. येऊ दे.

लेकीला मी माफी मागणारं पत्र लिहिलं होतं. तिचं उत्तर आलेलं नाही.