अष्टमीला आलेली पाणबुडी

मित्रांनो, मालाडच्या खाडीकाठी जी लांबलचक काळी पाणबुडी दिसते ना, ती मीच. आता जुनी झालेय.

गोदीत माझ्यावर नारळ फोडला, आणि पुढची तीस वर्षं कुणाला न दिसणं हेच माझं काम होतं. माझ्या पोटात साठ नौसैनिक राहायचे. एकाने उठावं, त्याच उबदार बिछान्यात दुसऱ्याने झोपावं, इतकी दाटी! वर येताना दर वेळी मी डोकी मोजायचे. एकही कधी कमी भरलं नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षं गंजत पडले. मग संग्रहालय करायचं ठरलं आणि टगबोटीने मला इथवर ओढत आणलं. खाडीच्या तोंडाशी होडीतून म्हातारे धाकू कोळी ओरडले, "अरं ए सायेब! आज अष्टमी हाय! भांगाचं पानी, भरतीला जोर नाय. ही म्हस चढनार कशी?"

"काका, उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्यात," ठेकेदार हर्षद म्हणाला.

"मंग पान्याला दाखव पत्रिका!"

लागली ना वाट! मी चिखलात रुतले, एका कुशीवर कलले. हर्षद फोनवर बोलताना मी ऐकलं, "आठवड्यात निघाली नाही तर इथेच कापून भंगारात."

"पुनवेला दुपारी उधान येल," धाकू म्हणाले. "तवर हात नको लावू तिला." आणि रोज माझ्याशेजारी होडी लावून बसले. त्यांची बायको द्रौपदी काठावरून ओरडायची, "घरच्या जाळ्याला भोकं, अन् हा लोखंड राखतोय!"

पौर्णिमेला पाणी चढत गेलं आणि पोटाखालचा चिखल सुटला. पुढे होडीत उभे राहून धाकू बांबूने तळ चाचपत होते. "डावीकडं... हलू, हलू!" हर्षद तेच टगबोटीला ओरडून सांगत होता. दुपारी मी काठाशी माझ्यासाठी बांधलेल्या ओट्यावर टेकले.

परवा मला रंग द्यायचा होता. हर्षदने आधी फोन लावला, "काका, तिथी कुठली?"

मित्रांनो, मला बघायला या. शिडीवर दोन्ही हातांनी कठडा धरा, जड दारांच्या फटीत बोटं घालू नका. खिळ्याने नावं कोरू नका, तिथूनच गंज आत शिरतो.

संध्याकाळी रखवालदार मुलं मोजतो. मीही मोजते. काल एकशे बारा आत आली, एकशे बारा बाहेर गेली. मग दार लागलं, आणि मी निवांत झाले.