नवव्या डावाचे शून्य

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. माझ्यावर एक मोठे पांढरे शून्य रंगवलेले आहे. त्याची मला लाज वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावात व्यावसायिक बेसबॉलचा संघ होता, त्या काळची ही गोष्ट. मैदानावर लाकडी धावफलक होता. वॉल्टर नावाचा माणूस शिडीवर चढून प्रत्येक डावानंतर आकड्यांचे पत्रे खिळ्याला टांगत असे. त्यांतला मी एक.

एका संध्याकाळी आमचा संघ एका धावेने पुढे होता. पाहुण्यांच्या ओळीत सगळी शून्येच होती. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात त्यांचे दोन गडी बाद झाले, तिसरा गेला की सामना संपणार होता; पण पुढच्या तिघांनी तिन्ही बेस, म्हणजे धाव पुरी होण्याआधीचे थांबे, गाठले. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एडी थकला होता. त्याला बदलायला प्रशिक्षक मैदानात आले, तेव्हा त्याने चेंडू पाठीमागे धरला आणि नुसती नकारार्थी मान हलवली. ते परत गेले. वॉल्टरच्या एका हातात मी होतो, दुसऱ्या हातात एकचा पत्रा. एडीने शेवटचा चेंडू टाकला आणि फलंदाजाची बॅट हवेतच फिरली; तिसरा गडी बाद. वॉल्टरने एकचा पत्रा खाली टाकला आणि मला टांगले. लोक माझ्याकडे बघून टोप्या उडवत होते.

पुढे मैदान मोडले, तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. वॉल्टरने मला श्रूजबरी गावातल्या आपल्या घरी नेले. म्हातारपणी त्याने ते घर डॉक्टर प्रताप आणि त्यांच्या पत्नी मृणालिनीकाकू यांना विकले, आणि मी गॅरेजात राहिलो. थंडीत आत आणलेल्या तुळशीच्या कुंडीखाली काकू मला ठेवत. कितीतरी हिवाळे मी ओलाव्यात गंजलो.

डॉक्टर प्रताप आता आजोबा झाले होते; ते क्रिकेट खेळत वाढलेले. शून्य म्हणजे भोपळा, फलंदाजाची नामुष्की, एवढेच त्यांना माहीत. त्यांची नात अनया बेसबॉलसारखाच सॉफ्टबॉल खेळते, पिचर आहे. एका सामन्यात तिने समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. घरी आल्यावर आजोबांनी विचारले, तू किती धावा काढल्यास? झिरो, ती म्हणाली. आजोबा हसले, पुन्हा भोपळा का, असू दे, पुढच्या वेळी एक तरी काढ, म्हणाले. अनया गॅरेजात आली, हातमोजा कोपऱ्यात फेकला आणि आता खेळणार नाही असे तिने आईला कळवून टाकले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी कुंडी अंगणात नेली आणि मला कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाले. अनया आडवी आली.

"आजोबा, डोन्ट. हा स्कोअरबोर्डचा झिरो आहे."

"अगं, भोपळा कोणी जपून ठेवतं का?"

"हा पिचरचा नसतो. पिचर तो समोरच्यांना देते. काल सगळी टीम मला हग करत होती, आणि तुम्ही म्हणालात असू दे."

आजोबा गाडीला टेकून उभे राहिले. "म्हणजे भोपळा त्यांचा? पूर्ण मॅच?"

"पूर्ण मॅच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही फक्त रन्स विचारता."

आजोबांनी मला हळूच भिंतीला टेकवून ठेवले. मग त्यांनी विचारले, "पुढची मॅच किती वाजता आहे?"

अनयाने कोपऱ्यातला हातमोजा उचलला. शनिवारी आजोबा घडीची खुर्ची घेऊन गेले. त्या दिवशी अनयाच्या चेंडूंवर समोरच्यांनी भरपूर धावा काढल्या आणि तिचा संघ हरला. तरी घरी आल्यावर आजोबांनी मला गॅरेजच्या दारावर, रस्त्यावरून दिसेल असे ठोकले. शेजारचे अरुणकाका म्हणाले, डॉक्टर, दारावर शून्य बरे दिसत नाही. आजोबा म्हणाले, आत या, समजावून सांगतो.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कशासाठी बनवली होती ते विचारा. घरातल्या मुलांनाही विचारा, आणि उत्तर तुमच्या खेळातले नसले तरी पूर्ण ऐका. मला नवा रंग नको, गंज राहू द्या. मी शून्य आहे, आणि या दारावरून मी हलणार नाही.