हात दिसू देत

आमच्या घरातली पोलीस मी. वय बहात्तर, गुडघे कामातून गेलेले, डोक्यावर जावयाची टोपी, हातात टॉर्च. माझा नातू रेम्बर्ट स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पातेल्याचं झाकण स्टिअरिंगसारखं धरून बसायचा, आणि मी त्याच्या तोंडावर टॉर्च मारून ओरडायचे, "हात दिसू देत!"

"आजी, पोलीस असा हसतो का गं?"

"तू झाकण सरळ धर आधी!"

हसत-खिदळत चालायचं, पण शिकवायचे मात्र जीव तोडून. इथे अमेरिकेत, मेकन गावात, आम्हा काळ्यांच्या घरात पोरगा गाडी शिकतो तो आधी हेच शिकतो, पोलिसांनी अडवलं तर काय करायचं. इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, खिशात हात घालायचा तर विचारून, नाहीतर त्यांना वाटतं बंदूकच काढतोय. माझा जावई क्लिफ्टन नर्स आहे, मुंगीचीही माफी मागेल असा. त्याला पोलिसांनी आजवर अकरा वेळा अडवलंय. रेम्बर्ट तर सतराव्या वर्षीच सव्वासहा फूट. बघणारा एक तर विचारतो, "फुटबॉल खेळतोस का?" नाहीतर पर्स घट्ट धरतो. आणि माझं लेकरू वाजवतं ऑर्गन!

नदीपलीकडच्या चर्चने त्याला दर रविवारी वाजवायला बोलावलं होतं. रविवारी तिकडे बस नाही. म्हणून या रविवारपर्यंत लायसन्स हवंच, नाहीतर त्यांनी दुसरा मुलगा हेरून ठेवला होता. परीक्षा शुक्रवारी. पोराला दोन दिवस जेवण गेलं नाही.

परीक्षक टॉलिवर साहेब आमच्यातलेच, पांढऱ्या मिशांचे, चेहरा असा की हसले तर पगार कापतील. मी बाकावर बसले. गाडी फेरी मारून आवारात परत आली, कडेला थांबली. आणि थांबलीच. हलेचना.

"मेलं! नापास!" म्हणत मी काठी टेकत निघाले.

समोरून पाहते तर काय! काच खाली, रेम्बर्टचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर नाकासमोर. आणि शेजारी टॉलिवर साहेबांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर! गुणांचा कागद पायाशी पडलेला.

"अहो, काय चाललंय काय?"

"मी फक्त गाडी बाजूला घे म्हटलं," साहेब म्हणाले. "तर हा म्हणतो, 'साहेब, शिकाऊ लायसन्स डाव्या खिशात आहे, काढू का?'"

"आणि तुमचे हात?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आपोआप गेले हो."

आधी रेम्बर्ट फिसकन हसला, मग आम्ही सगळेच.

"कोणी शिकवलं रे तुला?"

"आजीने. ती पोलीस होते."

"मला आईने. तिच्याकडे तर शिट्टीपण होती."

"शिट्टी! अगं बाई, मला कसं सुचलं नाही!"

हसता हसता मला रडूच फुटलं. साठीचा माणूस आणि सतरा वर्षांचं पोर, दोघांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही, तरी हात वर. असला संताप आला म्हणून सांगू!

"ते राहू द्या," मी डोळे पुसले. "पास की नापास?"

"पास. इतका सावध ड्रायव्हर मी पाहिला नाही."

रविवारी सकाळी रेम्बर्ट नवा शर्ट घालून समोर उभा राहिला. "आजी, किल्ली."

मी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, पण माझी बोटंच सुटेनात.

"उशीर होतोय गं."

"जा," मी म्हटलं, "आणि असा वाजव की चर्चचं छप्पर उडालं पाहिजे."

मग कुठे मी किल्ली सोडली.