सगळ्यांना वापरता येईल असा

स्वतःच्या पैशांनी, स्वतःसाठी, स्वतःच्या पसंतीची वस्तू घ्यायला निघालेल्या बाईइतकं स्वतंत्र या जगात कोणी नसतं. शशिकलाबाई पनवेलच्या दुकानात अशाच स्वतंत्रपणे उभ्या होत्या. डाव्या हाताला नवरा कमलाकर, उजव्या हाताला मुलगा अथर्व.

"काकू, हा कन्व्हर्टिबल," म्हणत विक्रेत्या निनादने लॅपटॉपची स्क्रीन मागे वळवत थेट पाठीला टेकवली.

"अरे, मोडेल!" कमलाकर ओरडले. जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी केल्यापासून त्यांचा बिजागरीवर विश्वास उरला नव्हता.

"नाही मोडत काका. पूर्ण फिरतो."

"पण फिरवायचा कशाला?"

याचं उत्तर निनादला कंपनीने शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात शशिकलाबाईंनी उभ्याउभ्याच बटणांवर बोटं ठेवली. पनवेल कोर्टातल्या एका वकिलांकडे त्यांनी उभं आयुष्य मराठी टायपिंग केलं होतं. वकील गेले, ऑफिस बंद झालं. आता वकिलांची पुतणी आभा, तीही वकीलच, घरबसल्या काम द्यायला तयार होती. पहिला अर्ज सोमवारी. 'आता काय, तू मोकळीच आहेस' हे वाक्य घरात उठताबसता ऐकणाऱ्या बाईला त्या अर्जाची किती गरज होती, हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. बोटं खाली गेली; बटणं हवी तेवढीच दबली.

"मला हा आवडला," त्या म्हणाल्या.

"थांब गं, आत्ता तर आलोय," कमलाकर म्हणाले. पहिलीच वस्तू आवडणं त्यांना फसवणूक वाटे.

"आई, त्यापेक्षा टॅबलेट घे ना," अथर्व म्हणाला. "कीबोर्ड सुटा होतो. तुला टाइप करायचं तेव्हा लाव. एरवी बाबा मॅच बघतील, मी मीटिंगला घेईन. म्हणजे कसं, सगळ्यांना वापरता येईल."

'सगळ्यांना' हा शब्द आला की शशिकलाबाईंचं स्वतःचं मत संपत असे. याच शब्दापायी त्या लग्नापासून कमी तिखटाची वांगी खात आल्या होत्या.

"चालेल," त्या म्हणाल्या.

करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये टॅबलेटला हळदकुंकू लागलं. कीबोर्डवरचं प्लास्टिक काढायला कमलाकरांनी मनाई केली, धूळ बसते. मग रविवारभर त्यांनी कीबोर्ड लावला, काढला, लावला, काढला. "खट् करून बसतो बघ!" असं ते दर वेळी सांगत राहिले.

सोमवारी सकाळी आभाचा फोन आला. "काकू, मजकूर बोलून पाठवलाय. अकराच्या आत टाइप करून द्याल ना? लगेच कोर्टात द्यायचाय."

"पाठवतेच," म्हणत शशिकलाबाईंनी जेवणाचं टेबल पुसलं आणि चष्मा लावला. टेबलावर कीबोर्ड होता. त्याच्या वर, स्क्रीनच्या जागी, भिंत दिसत होती.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, टॅबलेट कुठाय?"

"माझ्याकडे. जासईला आलोय, यार्डातल्या महादेवला दाखवायला. कालची मॅच लावलीय. काय दिसतंय गं यावर!"

"मला टाइप करायचंय."

"मग कर की! तुझा कीबोर्ड घरीच ठेवलाय. मी हात तरी लावलाय का त्याला?"

शशिकलाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"जेवायला येतोच. महादेव, हे बघ, परत लाव तो सिक्सर."

मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणं त्यांना जमत नसे. तरी चार शब्द करून पाहिले, त्यात 'अर्जदार'चा तीनदा 'अर्जंट' झाला. शेवटी त्यांनी आभालाच फोन केला.

"असू दे हो काकू," आभा घाईत म्हणाली, "कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतो, त्याच्याकडून करून घेते. तुम्ही नका टेन्शन घेऊ. तुम्ही आता मोकळ्याच आहात."

फोन ठेवून शशिकलाबाई पुन्हा टेबलाशी आल्या. कीबोर्डवरचं प्लास्टिक त्यांनी एका कडेने सोलून काढलं, चुरगाळलं आणि केराच्या डब्यात टाकलं. मग मोबाइलवर आभाचा बोललेला मजकूर लावला आणि समोरच्या भिंतीकडे बघत पहिल्या ओळीपासून टाइप करायला घेतलं. अर्जदार, जाबदार, विनंती, ठिकाण, दिनांक. अर्ज पुरा झाला. कुठेही बोट अडलं नाही.

टॅबलेटपासून सुटलेल्या त्या कीबोर्डला स्वतःची बॅटरी नव्हती.